सौंसरचे दोन काळे दगड

सौंसरजवळच्या जामसांवलीला येणारे बहुतेक जण पिंपळाखालच्या पहुडलेल्या हनुमानाचं दर्शन घेतात आणि थेट नागपूरची वाट धरतात. तुम्ही मात्र दर्शन सकाळीच उरका आणि उरलेला दिवस दगडांना द्या. मंगळवार-शनिवार टाळलात तर दोन्ही निवांत होईल.

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर समूह’ या नावाचे खडक आहेत, ते याच सौंसरवरून. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या समुद्रतळाशी चिखल, वाळू, चुना आणि मॅंगनीज साचलं. पुढे ते खोल गाडलं गेलं, तापलं, दाबलं गेलं. चुन्याचा संगमरवर झाला, मॅंगनीजचे कठीण काळे थर झाले. हा पट्टा मनसर, तुमसर करत बालाघाटपर्यंत सुमारे 200 किलोमीटर जातो. 

त्यावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. पांढुर्ण्याचं पठार त्याच थिजलेल्या लाव्ह्याचं, म्हणजे बेसाल्टचं. सौंसरकडे येता येता हे पांघरूण विरतं आणि खालचा जुना खडक उघडा पडतो. म्हणून या तहसिलीत काळा दगड दोन जातींचा भेटतो आणि नवखा माणूस हमखास फसतो.

ओळख सोपी आहे. जाम नदी पांढुर्ण्याकडून येते, तिच्या पात्रातला मुठीएवढा काळा गोटा उचला. तो बहुधा बेसाल्ट. आता मॅंगनीजच्या खदानीच्या वाटेवर सांडलेला तेवढाच खडा दुसऱ्या हातात घ्या. चांगलं मॅंगनीज असेल तर ते दीडपट जड लागेल, हात खाली ओढला जाईल. खिशात फरशीचा एक तुकडा ठेवा आणि त्याच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा. मॅंगनीज काळी किंवा काळपट तपकिरी रेघ ओढतं, मऊ जातीचं असलं तर बोटंही काळी करतं. बेसाल्टची रेघ फिकट राखी उमटते, नाहीतर फरशीवरच ओरखडा येतो.

मॅंगनीजच्या धातुकाच्या शेजारी कधी मधाच्या किंवा नारिंगी रंगाचे बारीक दाणे भरलेला दगड दिसतो. ते मॅंगनीजयुक्त गार्नेट, सोबत गारगोटी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मॉर यांनी या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. भारतातल्या मॅंगनीजवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 1909 चा. सौंसरजवळच्या सितापारच्या एका खनिजाला त्यांनी ‘सितापाराइट’ म्हटलं होतं. पुढे ते आधीच ठाऊक असलेलं बिक्सबाइट निघालं आणि गावाचं नाव यादीतून गेलं. मला याची अजून हळहळ वाटते.

मध्य प्रांतात मॅंगनीजची खोदाई 1900 च्या सुमारास मनसरकडून सुरू झाली. पोलादाला हे धातुक लागतंच, त्यामुळे मागणी वाढली तशा खदानी छिंदवाड्याकडेही सरकल्या. काछीढाणा, सितापार ही त्या काळची नावं. मॅंगनीज काढणारी मॉइल ही कंपनी 1962 ची. तिची गोवारी वढोणा खदान याच भागात आहे. चालू खदानीत लेखी परवानगीशिवाय शिरायचं नाही. जुन्या खड्ड्यांचं पाणी निळं, शांत दिसतं, पण काठ उभे आणि ठिसूळ असतात. पोहायला उतरू नका, कड्याखाली डबा उघडू नका. मुलं बरोबर असतील तर रस्त्याकडेचे ढिगारेही लांबूनच दाखवा.

वेळ उरला तर मोहगाव कलां गाठा. तिथल्या लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गारेत दगड झालेली फळं, फुलं आणि ताडवर्गीय झाडांचे अवशेष सापडले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी त्यांचा अभ्यास केला. फोटो काढा, जीवाश्म जागेवरच राहू द्या.

इथे यायची नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज रेल्वे 2015 मध्ये बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज आहे. स्वतःची गाडी असेल तर सावनेरवरून सौंसरचा रस्ता धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, वाटेत संत्र्याच्या बागाही लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पांढुर्ण्यावरून जायचा बेत करू नका. त्या दिवशी जामच्या पात्रात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते.