कन्सोल द्या, पण ज्याचा त्यालाच

परळीतल्या एका शिक्षणसंस्थेत मी संगणक शिकवत होतो. विभागात एकच दणकट सर्व्हर होता आणि प्रकल्प करणाऱ्या मुलांच्या व्हीएम त्यावर चालायच्या. फायरवॉल शिकता शिकता कुणीतरी २२ नंबरचं पोर्टच बंद करून बसायचं आणि रात्री फोन यायचा, "सर, माझं मशीन उघडंना." एसएसएच गेलं की सिरियल कन्सोल हाच रस्ता उरतो, कारण त्याला नेटवर्क लागत नाही. मुलांची अडचण होऊ नये म्हणून विभागाने सगळ्यांना सर्व्हरवरच्या सगळ्या व्हीएम हाताळू देणाऱ्या लिबव्हर्ट गटात टाकलं.

पुढे एका मुलीने कन्सोलवर रूट म्हणून लॉगिन केलं, काम उरकलं आणि लॅपटॉप मिटला. एसएसएचचं कनेक्शन तुटलं की लॉगिनही संपतं. सिरियल कन्सोलवर सहसा तसं होत नाही, आतलं लॉगिन तसंच चालू राहतं. दुसऱ्या दिवशी एका मुलाचा मशीनच्या नावातला आकडा चुकला. एंटर दाबताच पासवर्ड न विचारता समोर रूटचा प्रॉम्प्ट. दोन्ही मशीनचं होस्टनेम 'लोकलहोस्ट'च, मग शंका यायची कशी? आपलंच मशीन समजून त्याने डेटाबेस पुसून टाकला. तिचं सहामाहीचं काम गेलं. दोघंही माझ्यासमोर रडत उभी होती, आणि दोष दोघांचाही नव्हता.

कन्सोल देणं म्हणजे त्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसवणं. बूटलोडर ग्रब सिरियलवर दिसत असेल आणि त्याला पासवर्ड नसेल, तर बूट होताना कर्नलची ओळ बदलून पासवर्डशिवाय रूट मिळवता येतं. म्हणून आतल्या पासवर्डवर विसंबू नका. आणि लिबव्हर्ट गट त्याहून घातक: त्यातला माणूस दुसऱ्याची व्हीएम बंद करू शकतो, सर्व्हरची डिस्क आपल्या व्हीएमला जोडून सर्व्हरचाच मालक होऊ शकतो.

सोपा उपाय असा. प्रत्येकाच्या एसएसएच किल्लीला सर्व्हरवर एकच ठरलेली आज्ञा बांधून टाका: लॉगिन केलं की थेट त्याच्याच व्हीएमचा कन्सोल, दुसरं काही नाही. शेल नाही, पोर्ट फॉरवर्डिंगही नाही. जास्त मशीन असतील तर कॉन्सर्व्हर लावा. कुणाला कुठला कन्सोल, हे त्यात ठरवता येतं आणि नोंदही राहते. ती नोंद मात्र जपून ठेवा, मशीनने पडद्यावर छापलेला पासवर्डही तिच्यात उतरतो.

होस्टनेम वेगवेगळी हवीतच. रिकाम्या बसलेल्या शेलने आपोआप बाहेर पडावं म्हणून 'टीमआउट' दहा मिनिटांवर ठेवा. कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबून लिबव्हर्टच्या कन्सोलमधून बाहेर येण्याआधी 'एक्झिट' करायचं, हे मुलांकडून पहिल्याच तासाला करून घ्या.

क्लाउडवरही हेच. ॲमेझॉनने २०२१ मध्ये ईसीटूचा सिरियल कन्सोल आणला तो मुळात बंदच ठेवून; खातेदाराने मुद्दाम चालू करावा लागतो. तिथे लिनक्स मशीनच्या आत लॉगिन करायला एसएसएचची किल्ली चालत नाही, पासवर्ड लागतो. तो मशीन धड असतानाच लावून ठेवा. नाहीतर नेटवर्क गेल्यावर कन्सोल समोर असूनही लॉगिन करता येत नाही.