काठावर बसू नकोस

अगं, कॅरिबियनचे फोटो पाठवलेस ते बघितले. निळंशार पाणी, पांढरी वाळू, माडाला बांधलेला झोका. २०२४ च्या जूनमध्ये आपला संघ विश्वचषक जिंकला ते ब्रिजटाउन तिथल्याच बार्बाडोस बेटावरचं. तिथं कधीतरी जरूर जा. पण लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला कुठं जाऊ असं विचारलंयस, तर मनातलं सांगते. नांदेडहून आधी मुंबई नाहीतर हैदराबाद गाठायचं, मग युरोपात किंवा अमेरिकेत विमान बदलायचं, वाटेतल्या देशाचाही व्हिसा लागू शकतो, आणि खर्च लाखांच्या घरात. जाण्यायेण्यातच रजा संपायची. लहान पोर आणि सासूबाई बरोबर असताना तर नकोच. यंदा मालवणला जा. बेट आहे, माड आहेत, पाण्याखाली रंगीत मासेही आहेत.

पण कुठं जायचं यापेक्षा मला तुला दुसरंच काही सांगायचंय. कुठंही गेलीस तरी पाण्यात उतर. मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर आपल्याकडच्या बाया लगेच ओळखू येतात. नवरे आणि पोरं लाटांत, आणि ही चपलांच्या ढिगाजवळ वाळूत बसलेली. मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, पाकिटं, टॉवेल. फार झालं तर साडी पोटरीपर्यंत धरून एक लाट पायावर घ्यायची आणि परत सामानापाशी. एवढ्या लांबून येऊन समुद्र नुसता बघून जातात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. आपल्याला पाणी ठाऊक आहे ते भरून ठेवण्यापुरतं. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ यायचा, घरातलं भांडंन् भांडं भरून ठेवायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात सांडलेल्या तांब्यावरून घरोघरी बोलणी खाल्लीत बायकांनी. तुमच्याकडं गोदावरी आहे, पण घाटावरून उड्या मारतात ती पोरं. पोरींनी हात जोडायचे, दिवा सोडायचा. पाण्यात खेळायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही गं. म्हणून तू उतरायचंस, आणि सासूबाईंनाही उतरवायचं.

आता जायचं कसं ते ऐक. नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुमच्या नांदेडवरून निघून आमच्या लातूरवरून, पुढं तुळजापूर, सोलापूर, मिरज करत कोल्हापूरला जातो. कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन होईल, पोराचीही आबाळ होणार नाही. दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरून कणकवली आणि मग मालवण. घाट दिवसाउजेडीच उतरायचा. लातूरपासून पाचशेच्या आसपास किलोमीटर धर, नांदेडहून आणखी सव्वाशे-दीडशे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. नाताळचा आठवडा तेवढा टाळा, गर्दी फार आणि खोल्यांचे भाव दुप्पट. पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही, दर्या खवळलेला असतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. कॅरिबियनमध्येही जून ते नोव्हेंबर वादळांचेच दिवस, तेव्हा पुढं कधी तिकडं गेलीस तर हे लक्षात ठेव.

कपड्यांचं नीट ऐक, कारण बायका अडतात त्या इथंच. सुती सलवार-कमीज भिजलं की जड होतं, अंगाला चिकटतं, पायात घोळतं. ओढणी तर पाण्यात धोक्याचीच. पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे कपडे मिळतात. अंग झाकलेलं राहतं, ऊनही लागत नाही. मंगळसूत्र, जोडवी खोलीवर कुलपात ठेव. लाटेनं नेलं तर तुझी पुढची सगळी सहल शोधण्यात जाईल. केसांना तेल लावून घट्ट वेणी घाल. आणि पाळीच्या तारखा आत्ताच बघून ठेव. पुढं ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीला विचारून घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच. त्या दिवसांत पाण्यात जाऊ नये असं मात्र काही नाही. पाळीचा कप वापरायचा असेल तर दोन महिने आधीपासून घरी सवय कर.

स्कूबा कर. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, चौकशी तिथूनच सुरू कर. आधी उथळ पाण्यात शिकवतात. मास्कमध्ये नाक बंद, श्वास फक्त तोंडानं. पहिली दोन मिनिटं जीव कासावीस होतो, वाटतं नकोच हे. तेव्हा घाई करायची नाही; श्वास लांब सोडायचा, आपल्याच बुडबुड्यांचा आवाज ऐकत राहायचं, मग छाती हळूहळू सैल होते. खाली जाताना कान दडपतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे होतात. दुखेपर्यंत थांबायचं नाही. खुणा पक्क्या लक्षात ठेव. आपण ‘मस्त’ म्हणून अंगठा वर करतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर ने’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. दमा, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, दिवस गेलेले असणं, यातलं काही असेल तर स्कूबा करायचं नाही. आणि फॉर्मवर खोटं लिहायचं नाही.

फोटोतल्यासारखं आरपार काचेचं पाणी मात्र तिथं शोधू नकोस. मालवणचं पाणी हिरवट असतं, कधी गढूळही. पण पट्टेरी माशांचा थवा तोंडासमोरून वळतो तेव्हा पाण्याच्या रंगाकडं कोण बघतंय! खाली पोवळी आहेत, त्यांवर पाय ठेवायचा नाही, तोडायची तर नाहीतच. जिवंत असतात ती. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. पॅरासेलिंग, जेट स्की वगैरे जावयांना करू दे; तू फक्त प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघ. पोराच्या मापाचं मिळालं नाही तर त्या होडीत बसायचंच नाही.

किल्ल्याला मात्र अर्धा दिवस दे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला आणि तीन वर्षांत समुद्रात सिंधुदुर्ग उभा केला. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत तोही आहे. मालवणच्या जेटीवरून होडीनं पंधराएक मिनिटं. होडीतून दरवाजा कुठं दिसतो का ते पोराला शोधायला सांग. सापडणार नाही. तटाच्या अगदी जवळ गेल्यावर वळणात तो उघडतो. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे. हे सगळं वाटाड्या सांगेलच. तू थांब ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी! किल्ला बांधायच्या आधी पाण्याची खात्री करणारा तो राजा होता. लातूरच्या लेकीनं त्या कठड्याला हात लावून आत डोकवायलाच हवं. माझे डोळे भरून आले होते तिथं.

भरती-ओहोटीला कुणाला विचारत बसू नकोस, घरातलं कॅलेंडर पुरतं. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्रीही, अंदाजे. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी ओसरताना ते आत ओढतं, तेव्हा गुडघ्याच्या पुढं जायचं नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा आणखी जपायचं. आणि कधी ओढली गेलीसच तर किनाऱ्याकडं झटू नकोस, दमशील. किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ संपली की मग काठाकडं वळायचं. कोळी ‘नको’ म्हणाला तर वाद घालायचा नाही.

एक दिवस वेंगुर्ल्याला जा. तिथल्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. वल्ही त्याच मारतात, झाडांच्या जातीही त्याच दाखवतात. सासूबाईंना त्या होडीत पुढं बसव. साठीची बाई पाण्याला भिते, पण दुसरी बाई वल्हं मारतेय म्हटल्यावर तिची भीती निम्मी होते.

जेवणाची काळजी करू नकोस. तुम्ही दोघं सुरमई, बांगडा खा. सासूबाई माळकरी, त्यांच्यासाठी घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. घावणे आणि खोबऱ्याची चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, वर सोलकढी. भांडी वेगळी हवीत हेही तेव्हाच सांगायचं. संकोचून उपाशी राहू द्यायचं नाही त्यांना. पहिल्या दिवसापुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू दे.

निघायला अजून वेळ आहे. नांदेडमध्ये बायकांसाठी वेगळी वेळ ठेवलेला पोहण्याचा तलाव शोध. महिनाभरात पोहता आलं नाही तरी पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला तर येईल, तेवढंही खूप कामाला येतं. सामानापाशी कोण बसणार हे निघायच्या आधीच ठरवा, आळीपाळीनं, जावयांसकट. कपडे घ्यायला रविवारी लातूरला ये, दोघी जाऊन घेऊ. येताना सासूबाईंचं माप घेऊन ये.