खर्रा सोडताना थायरॉईडची गोळी

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा फक्त पुरुष खातात असे नाही, आयाबहिणीही खातात. त्यांच्यापैकी ज्यांना थायरॉईड कमी असल्याने रोजची गोळी आहे, त्यांनी हे जरूर वाचावे.

खर्रा सोडला की चिडचिड, सुस्ती, पोट साफ न होणे, भूक वाढणे असे त्रास होतात. थायरॉईड कमी पडले तरी सुस्ती, बद्धकोष्ठता, वजनवाढ होते. मग बाई म्हणते, "सोडल्यानंच बिघडलं," आणि पुन्हा पुडी उघडते. फसगत होते ती इथेच! तलफेचा जोर पहिल्या आठवड्यात जास्त असतो, तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. त्यानंतरही अंग जड वाटले, थंडी सोसवेना, तर डॉक्टरांना सांगून टीएसएचची रक्ततपासणी करा. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. हे अंतर पाळले नाही तर गोळी नीट लागू पडत नाही, आणि दोष खर्रा सोडण्यावर जातो.

गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे काम चालू आहे. फोनवरून मोफत सल्ल्यासाठी तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाईन: १८००-११-२३५६.