ब्रेकचे पेडल : एका तरफेची निवड

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत, पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. धातू कातणारे, भोके पाडणारे, उष्णतासंस्कार करणारे व मुलामा चढविणारे अनेक लहान कारखाने येथे शेजारीशेजारी काम करतात. कोणी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे शर्यतीची लहान मोटार बांधावयास घेतली, तर तिचे ब्रेकचे पेडल येथे सहज घडवून मिळेल. परंतु कारखाना नकाशाबरहुकूम धातू कापून देतो. नकाशातील चूक त्याला दिसेलच असे नाही. ती चूक पुढे चालकाच्या पायाखाली उघडकीस येते. म्हणून पेडलाची निवड आधी कागदावर झाली पाहिजे. ती कशी करावयाची, हे आपण पाहू.

तरफेचा हिशेब

पेडल ही एक तरफ होय. तिचे खालचे टोक एका खिळीभोवती फिरते. तोच तिचा टेकू. वरच्या टोकावर चालकाचा पाय असतो आणि टेकूच्या जवळ एक दांडा जोडलेला असतो. टेकूपासून पाय २५ सेंटिमीटरांवर आणि दांडा ५ सेंटिमीटरांवर असेल, तर पायाचा जोर दांड्यावर पाचपट होऊन पडतो. या पटीस पेडलाचे गुणोत्तर म्हणतात. मात्र दांडा १ सेंटिमीटर सरकण्यासाठी पाय ५ सेंटिमीटर सरकवावा लागतो. जोरात जे मिळविले, ते अंतरात फेडावे लागते.

तेलाचा हिशेब

हा दांडा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलतो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्याच नियमाने दट्ट्याचा दाब नळ्यांतील तेलावाटे चाकांपर्यंत जातो. शर्यतीच्या मोटारीत बहुधा दोन मास्टर सिलिंडर असतात. एक पुढील चाकांसाठी व एक मागील चाकांसाठी. एका मंडलातील तेल गळाले, तरी दुसरे मोटार थांबवू शकते. पेडलाचा जोर या दोहोंत वाटून देण्यासाठी एक तोलदांडी असते. मागील चाकांच्या वाट्यास अधिक जोर गेला, तर ती आधी जखडतात आणि मोटार गरकन फिरते.

समजा, चालक ४० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो. गुणोत्तर ५ असल्यास दांड्यावर २०० किलोग्रॅम जोर येईल. तो समान वाटला, तर प्रत्येक सिलिंडरास १०० मिळतील. सिलिंडराचा व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत पाच सूत असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ १.९८ चौरस सेंटिमीटर भरते. तेव्हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोग्रॅम होईल. व्यास पाऊण इंच घेतल्यास क्षेत्रफळ २.८५ होते व दाब ३५ वर उतरतो.

आता अंतर पाहू. प्रत्येक मंडलास २ घन सेंटिमीटर तेल लागत असेल, तर लहान सिलिंडरासाठी पाय सुमारे ५ सेंटिमीटर सरकेल, मोठ्यासाठी साडेतीन. मोठ्या सिलिंडरानेही ५० चाच दाब हवा असल्यास गुणोत्तर ७.२ करावे लागेल. पण मग पायाचे अंतरही पुन्हा ५ सेंटिमीटर होईल. वाचकांच्या लक्षात येईल की, चालकाच्या पायाला या दोन्ही रचना सारख्याच वाटतील.

मग निवड कशावरून?

ती मजबुतीवरून करावी. संकटसमयी माणूस पेडलावर सर्व बळ एकवटतो. म्हणूनच ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या मोटारस्पर्धेत पेडल व त्याची बैठक २,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतका जोर सोसणारी असावी लागते. हा जोर पडला असता, गुणोत्तर ५ असल्यास दांड्यावर १,००० किलोग्रॅम व टेकूच्या खिळीवर ८०० किलोग्रॅम भार येतो. गुणोत्तर ७.२ असल्यास हेच आकडे १,४४० व १,२४० होतात. पायाला फरक कळत नाही. खिळीला मात्र कळतो. तेव्हा अंतर सारखेच असताना लहान सिलिंडर व बेताचे गुणोत्तर घेणे श्रेयस्कर.

दोन सूचना

पहिली अशी की, मोडीत निघालेल्या मोटारीचे पेडल जसेच्या तसे बसवू नये. नित्याच्या मोटारीत पायाच्या मदतीस निर्वात-साहाय्यक असतो. त्यामुळे तिच्या पेडलाचे गुणोत्तर कमी ठेवलेले असते. साहाय्यकावाचून ते पेडल अतिशय जड लागेल. दुसरी सूचना अशी की, पाय उचलल्यावर दांडा व दट्ट्या यांत किंचित मोकळीक राहिली पाहिजे. ती नसेल, तर तेल टाकीत परत जाण्याचे छिद्र झाकलेले राहते, तापलेले तेल फुगते आणि ब्रेक आपोआप लागू लागतात.

स्वाध्याय : आपल्या सायकलीच्या ब्रेकची मूठ मोजा. तिच्या खिळीपासून बोटांपर्यंतचे व तारेपर्यंतचे अंतर घेऊन गुणोत्तर काढा. मूठ २ सेंटिमीटर दाबल्यास तार किती सरकेल, हे आधी गणिताने काढा व मग मोजून पाहा.