मिनामाताची मांजरे

इतिहासाच्या शिक्षकाने मज्जापेशींवर लिहावे, याचे माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु जपानमधील मिनामाता या किनारी शहराचा इतिहास मेंदूच्या रसायनाशिवाय उलगडत नाही.

१९५० च्या दशकात तेथील मच्छीमार वस्त्यांतील मांजरे तोल जाऊन गरगर फिरू लागली. काही समुद्रात पडून मेली. लोकांना वाटे, ती नाचतात. पुढे माणसांचेही हात थरथरू लागले, वाचा अडखळू लागली, दृष्टीचे क्षेत्र आकसले. १ मे १९५६ रोजी चिस्सो कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अज्ञात विकाराची वर्दी सरकारी आरोग्य केंद्रास दिली. रोग संसर्गजन्य समजून शेजाऱ्यांनी रुग्णांच्या कुटुंबांवर बहिष्कार घातला. या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना सांगावा लागत नाही.

खरे कारण होते मिथिल पारा. कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड तयार करताना तो निर्माण होई, सांडपाण्यातून उपसागरात जाई आणि मासे व शिंपल्यांत साचत राही. रक्तातील घातक द्रव्ये अडविणारा एक पडदा मेंदूला असतो. मिथिल पारा सिस्टीन या अमिनो आम्लास चिकटतो. ही जोडी मेथिओनीन या पोषक अमिनो आम्लासारखी भासते, म्हणून पडद्यातील वाहक प्रथिन तिला स्वतःच आत नेते. पहारेकऱ्यानेच दार उघडावे, तसे हे घडते. आत गेलेला पारा प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना धरून बसतो आणि त्यांचे कार्य बंद पाडतो. मज्जापेशी निरोपासाठी ग्लुटामेट स्रवतात. उरलेले ग्लुटामेट शेजारच्या तारकापेशी उचलून घेतात. पारा नेमके हेच बिघडवितो. मग मज्जापेशी सतत उद्दीपित राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत जाते आणि ती मरते. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतील कणपेशींची यात विशेष हानी होते. मांजरांचे ते ‘नाचणे’ म्हणजे हीच हानी.

१९५९ मध्ये होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजर क्रमांक ४०० ला दिले. ऑक्टोबरमध्ये त्यालाही तीच लक्षणे दिसली. कंपनीने निष्कर्ष दडपला. ते उत्पादन १९६८ पर्यंत चालू राहिले आणि सरकारने रोगाचे कारण मान्य केले तेही त्याच वर्षी. दरम्यान, नाळेवाटे पारा गेलेली बालके जन्मतःच विकलांग ठरली होती.

कंपनी गप्प राहिली याचे मला आश्चर्य वाटत नाही. सत्य जाणणाऱ्या एका सुशिक्षित, सहृदय डॉक्टरचे मौन मात्र छळते. १९७० मध्ये कर्करोगाने रुग्णशय्येवर असताना होसोकावांनी मांजर क्रमांक ४०० ची हकिकत साक्षीत सांगितली. त्याच वर्षी ते वारले. मार्च १९७३ मध्ये न्यायालयाचा निकाल रुग्णांच्या बाजूने लागला.