कार्बन पेपर

मुक्ता,

सहकाऱ्याला काढून टाका, अशा निवेदनावर तू सही केलीस आणि आता म्हणतेस, ‘मावशी, आता मी कुठल्या तोंडाने लिहू?’ लिहिण्याचं नंतर बघू. आधी त्या मुलाला जाऊन भेट. फोनवर नको, समोर जा.

मग वासिली ग्रॉसमन या सोव्हिएत लेखकाचं काय झालं ते ऐक. स्टालिनग्राडच्या आघाडीवरून बातम्या पाठवणारा हा वार्ताहर, रणगाड्यांना न घाबरलेला. १९५३च्या सुरुवातीला मॉस्कोत काही डॉक्टरांवर, त्यातले बरेचसे ज्यू, पुढाऱ्यांना मारण्याचा कट रचल्याचा खोटा आळ आला. त्यांना कडक शिक्षा करा, अशा पत्रावर ग्रॉसमननेही सही केली. तो स्वतः ज्यू. त्याच्या आईला बर्दिचेव्हमध्ये नाझींनी १९४१ साली मारलं होतं. तिला वेळेत मॉस्कोला आणलं नाही, ही सल होतीच. त्यात या सहीची भर. पुढे मार्चमध्ये स्टालिन मेला, डॉक्टर सुटले. सही मात्र झालेली होती.

त्याने ती लपवली नाही. ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीतला त्याचा शास्त्रज्ञ श्ट्रुम एकदा ताठ उभा राहतो आणि नंतर, धोका टळल्यावर, अशाच एका पत्रावर सही करतो. मला ते पान सगळ्यात खरं वाटतं. शूर माणसं कशी असतात हे अनेकांनी लिहिलंय. माणूस कुठे वाकला, हे स्वतःच्या अंगावर घेऊन लिहिणारे फार थोडे.

कादंबरी आईला अर्पण केलेली. फेब्रुवारी १९६१मध्ये केजीबीची माणसं घरी आली. लेखकाला हात लावला नाही, पुस्तक मात्र नेलं: हस्तलिखित, टाइप केलेल्या प्रती, कार्बन पेपर, टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा. मी कचेरीत टायपिस्ट होते, म्हणून कार्बन का नेला हे मला लगेच कळलं. नवा कार्बन एकदाच वापरला असला तर उजेडासमोर धरून अख्खं पत्र वाचता येतं. मोठ्या साहेबांची गुपितं आम्हाला अशीच कळायची!

ग्रॉसमनने सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला पत्र लिहून पुस्तक परत मागितलं. कम्युनिस्ट पक्षाच्या सुस्लोव्हने त्याला बोलावून ऐकवलं, हे छापता येणार नाही. १९६४मध्ये तो कॅन्सरने गेला, वय ५८. पण त्याने आधीच दोन प्रती मित्रमंडळींकडे ठेवून दिल्या होत्या. त्यांतली एक कवी लिपकिनकडे होती. पुढे सूक्ष्मचित्रफितीवर ती देशाबाहेर गेली, १९८०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली आणि १९८८मध्ये खुद्द सोव्हिएत संघात.

सही केलीस तो प्रसंग लिही. स्वतःला झुकतं माप देऊ नकोस आणि ऊर बडवून रडूही नकोस. आम्ही मोठी माणसं ‘जाऊ दे गं’ म्हणू, तेही ऐकू नकोस. लिहून झालं की एक प्रत मला पाठव, कागदावर. माझ्या कपाटात पैठणीखाली जागा आहे, आणि तिथे तुझे काकासुद्धा हात घालत नाहीत.

तुझी,
मावशी