यकृताचा कर्करोग : निदान आणि उपचार



पोटाच्या उजव्या अंगाला, बरगड्यांच्या आड यकृत, म्हणजे लिव्हर असते. हा अवयव मोठा सोशीक. बराच बिघाड होईपर्यंत तो कुरकुर करीत नाही. म्हणून ‘दुखू लागल्यावर पाहू’ असे म्हणणाऱ्यास बहुधा उशीर होतो.

धोका कोणाला?

हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू रक्तात वर्षानुवर्षे दडून राहतात. कावीळ दिसतेच असे नाही. दारूने, तसेच मधुमेह व लठ्ठपणामुळे साठणाऱ्या चरबीनेही यकृत निबर व गाठाळ होते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. कर्करोग बहुधा अशाच यकृतात उद्भवतो.

चौथे कारण आपल्या खळ्यातले आहे. ओलसर राहिलेल्या शेंगा व मक्यावर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. 1974 साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील खेड्यांत बुरशीचा मका खाऊन यकृत बिघडल्याने शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. भाजल्याने वा शिजवल्याने ते पुरते जात नाही. शेंगा कडकडीत वाळवूनच पोत्यात भराव्यात. बुरशीचे दाणे जनावरांनाही घालू नयेत. विष दुधात उतरते.

निदान कसे होते?

सिऱ्हॉसिसच्या रोग्याने, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी डॉक्टर सांगतील त्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. सोबत एएफपी ही रक्ततपासणी करतात. पण ती चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये.

गाठ दिसल्यास शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढतात. एखाद्या शेताला ओढ्याचे व विहिरीचे अशी दोन पाणी असावीत, तसे यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. निरोगी भागाला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तर कर्करोगाच्या गाठीला धमनीतून. म्हणून गाठ आधी उजळते आणि मागाहून भोवतालापेक्षा फिकी पडते. सिऱ्हॉसिसच्या रोग्यात ही खूण स्पष्ट दिसली, तर पुष्कळदा सुई घालून तुकडा काढावा लागत नाही.

उपचार

गाठ लहान व उरलेले यकृत चांगले असल्यास शस्त्रक्रियेने ती काढतात किंवा सुईच्या उष्णतेने जाळतात. काही निवडक रोग्यांत यकृत बदलतात. गाठी मोठ्या किंवा अनेक असल्यास धमनीतून औषध सोडून त्यांचे रक्त तोडतात. रोग पसरला असल्यास गोळ्या व प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शने असतात. त्यांनी आयुष्य वाढते, रोग सहसा समूळ जात नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून आणि बेंगळुरूची किडवई संस्था 1973 पासून कर्करोगाचे काम करीत आहे.

शेत गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : गाठ किती मोठी? उरलेले यकृत किती चालते? हा उपचार रोग बरा करण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी? बीपीएल रेशनकार्ड असल्यास आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी सरकारी दवाखान्यात आधी करावी.

घरात कोणास हिपॅटायटिस बी असल्यास सर्वांनी रक्त तपासून घ्यावे. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस टोचून घ्यावी. या कर्करोगाविरुद्ध आपल्या हातातले सर्वांत स्वस्त औषध तेच होय.